बीपी मोजलंत, पण लघवी तपासलीत का?

एरवी मी रामबागेतल्या आमच्या वाड्याच्या, गणपतीतल्या नाटकांच्या आणि आजीच्या ट्रंकेच्या गोष्टी लिहिते. आजचीही आठवणच आहे, पण तिच्यात माझं एक ठाम मत आहे आणि ते आपल्यातल्या काहींना आवडणार नाही. पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला आम्ही सगळे धाकट्या भावाकडे जमलो होतो. पुरणपोळ्या, सोळा भाज्या, कढी, पंचामृत, सगळं साग्रसंगीत. जेवणं झाली, बायका विडे लावत बसल्या आणि भाच्यानं नवीन आणलेलं बीपीचं मशीन बाहेर काढलं. झालं! लग्नात मेंदी काढून घ्यायला जशी रांग लागते, तशी रांग लागली. अकरा मोठ्या माणसांनी दंडाला पट्टा बांधून घेतला. अकरांपैकी सहांचा वरचा आकडा 140 च्या पुढे. त्या सहांत गोळी घेणारे दोघंच.

आता भरल्या पोटी, हसत-बोलत, गर्दीत मोजलेल्या बीपीवरून निदान करायचं नसतं, हे मलाही कळतं. पण सहा म्हणजे काही कमी नाहीत. माझा धाकटा भाऊ, वय चोपन्न, 158/98. तो म्हणाला, "ताई, मला तर काही होऊनच नाही राहिलं. रोज तीन मजले चढतो मी. मशीनच भंकस आहे." काका म्हणाले, "अगं, आपल्या घराण्यालाच आहे बीपी. रक्तच गरम आपलं." सगळे हसले.

मी विचारलं, "ज्यांचं बीपी जास्त आहे, त्यांच्यापैकी कुणी कधी लघवी तपासून घेतली आहे का? त्यातून अल्ब्युमिन जातंय का, हे पाहिलं आहे का?"

सगळे गप्प. मग मोठ्या काकू म्हणाल्या, "अगं, महालक्ष्म्या बसल्यात समोर. काय विषय काढतेस!"

त्या दिवशी मी गप्प बसले. पण घरी आल्यावर झोप लागेना. कारण हा विषय न काढल्यामुळे काय होतं, ते आमच्या घरानं पाहिलेलं आहे. आज तेच सांगते.

आमचे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, नोकरी सरकारी, स्वभाव शिस्तीचा. रोजचा हिशेब वहीत लिहायचे. दुधाचा खाडा, पेपरचं बिल, गहू कधी आणला, किती आणला, सगळं. आमची वंशावळ त्यांनी स्वतः मोडीतले कागद वाचून घेऊन तयार केली होती. होळकरांच्या चाकरीत आलेल्या मूळ पुरुषापासून ते आमच्यापर्यंत. त्या वंशावळीवर त्यांचा फार जीव.

1988 साली त्यांच्या ऑफिसात तपासणीचा कॅम्प लागला. नाना तेव्हा बावन्न वर्षांचे. बीपी निघालं 160/100. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, मीठ कमी करा म्हणाले. नानांनी पंधरा दिवस इमानानं गोळी घेतली, मग परत मोजलं, 136 आलं. नाना म्हणाले, "झालं बरं." गोळी बंद. नंतर कधी डोकं दुखलं किंवा ऑफिसात वाद झाला, की एक गोळी घ्यायचे. जणू क्रोसीनच. आईनं काही म्हटलं की उत्तर ठरलेलं, "एकदा लागली की जन्माची लागते. मी काही गोळ्यांचा गुलाम होणार नाही."

आमच्यापैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. नाना रोज सकाळी फिरायला जायचे, विडीकाडीला कधी शिवले नाहीत. रविवारी पोहे आणायचे, वर मूठभर शेव, त्यावर जिरावण, आणि लोणच्याची फोड लागायचीच. सगळं इंदूर हेच खातं, मग ह्यांना काय होणार?

2003 च्या उन्हाळ्यात आईच्या लक्षात आलं की नाना रात्री तीन-चार वेळा उठतात. आम्ही म्हटलं, वय झालं, प्रोस्टेट असेल. मग अन्नावरची वासना गेली. पुरणपोळी पानात तशीच ठेवून उठणारे नाना आम्ही पहिल्यांदा पाहिले. अंगाला खाज सुटायची. चपला घट्ट व्हायला लागल्या. घोट्याजवळ बोट दाबलं की खळगा पडायचा. तेव्हा कुठे रक्त तपासलं. क्रिएटिनीन 6.8. साधारण एकच्या आसपास असायला हवं ते.

किडनीच्या डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. बीपी किती वर्षांपासून? पंधरा. गोळी रोज घेता? नाही. लघवी शेवटची कधी तपासली? आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

पुढची पावणेतीन वर्षं आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास डायलिसिस. भाऊ आणि मी दिवस वाटून घेतले होते. हातावर फिस्चुला केलेला, पाणी मोजून, फळं मोजून. हिशेब लिहिणारा माणूस शेवटी किती घोट पाणी प्यायलो, ते वहीत लिहू लागला. 2006 च्या जानेवारीत नाना गेले. सत्तरी गाठायला काही महिने राहिले होते.

एवढ्यावर संपलं असतं, तर मी ही पोस्ट लिहिली नसती. वर्षश्राद्धानंतर त्यांची ट्रंक आवरताना मला एक फाइल सापडली. 1996 साली त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्याआधीच्या तपासण्यांची. त्यात लघवीचा रिपोर्ट होता. साखर: नाही. त्याच्याखालची ओळ, अल्ब्युमिन: ++. दोन अधिक चिन्हं.

ऑपरेशन करायचं म्हणून साखर पाहिली गेली. साखर नव्हती, सगळे खुश. खालची ओळ कुणीच वाचली नाही. ज्यांनी रिपोर्ट पाहिला त्यांनी नाही, नानांनी नाही, आणि रिपोर्ट आणायला गेलेल्या मीही नाही. हो, तो कागद लॅबमधून मीच आणला होता. डायलिसिसच्या सात वर्षं आधी नानांच्या किडनीनं आम्हाला लेखी कळवलं होतं. आम्ही तो कागद नीट घडी घालून ट्रंकेत ठेवला.

आता थोडं शास्त्र सांगते. मी डॉक्टर नाही, शिक्षिका होते. पण नानांच्या निमित्तानं जे समजून घेतलं, ते साध्या भाषेत सांगते.

हृदय जेवढं रक्त बाहेर ढकलतं, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा मुठीएवढ्या दोन किडन्यांकडे जातो. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. दिवसभरात सुमारे 180 लिटर पाणी त्यातून गाळलं जातं. त्यातलं बहुतेक सगळं शरीर परत घेतं आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. या गाळण्या म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे गुंते. बागेतल्या पाइपाला घराच्या टाकीऐवजी मोटरचा जोर वर्षानुवर्षं लावला तर काय होईल? पाइप कडक होतो, कुठे चिरतो. वाढलेल्या बीपीखाली या गाळण्यांचं तेच होतं. मग अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, जे गाळणीतून खाली यायला नको, ते थोडं थोडं लघवीत झिरपायला लागतं.

हे झिरपणं दुखत नाही. लघवी कमी होत नाही. उलट "मला लघवी साफ होते, म्हणजे किडनी ठणठणीत" हे आपल्याकडचं आवडतं वाक्य साफ चुकीचं आहे. बिघडलेली किडनी पाणी आटवू शकत नाही, म्हणून रात्री उठून उठून पातळ लघवी होते. नानांचं तेच झालं होतं. लघवीला सतत फेस येणं, पायावर सूज, अन्न नकोसं होणं, ही लक्षणं दिसतात तेव्हा बहुतेक वेळा बराच उशीर झालेला असतो. सुरुवातीचं लक्षण म्हणाल तर फक्त कागदावर दिसतं.

आणि नुसतं क्रिएटिनीन पाहूनही भागत नाही. किडनीत राखीव ताकद एवढी असते की निम्म्याच्या आसपास काम गेलं तरी क्रिएटिनीनचा आकडा "नॉर्मल"च्या रकान्यात बसू शकतो. म्हणून क्रिएटिनीनसोबत ईजीएफआर बघायचा. वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनीन यांवरून काढलेला तो अंदाज असतो, किडनी किती जोमानं गाळते आहे याचा. तीन महिन्यांहून जास्त काळ तो 60 च्या खाली राहिला, तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. पण त्याच्याही आधी बोलते ती लघवी. सकाळच्या लघवीच्या नमुन्यात अल्ब्युमिन आणि क्रिएटिनीनचं प्रमाण काढतात, एसीआर म्हणतात त्याला. 30 च्या खाली ठीक, 30 ते 300 म्हणजे गाळणी झिरपायला लागली आहे, 300 च्या वर म्हणजे चांगलीच गळते आहे. हे आकडे मिलिग्रॅम प्रति ग्रॅममध्ये. साध्या लघवीच्या तपासणीतली पट्टी मोठी गळती दाखवते, बारीक झिरपणं तिच्यातून सुटू शकतं, म्हणून एसीआर.

हे काही नवं फॅड नाही. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले डॉ. रिचर्ड ब्राइट 1827 साली चमच्यात रोग्याची लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवायचे. अल्ब्युमिन असेल तर अंड्यातल्या पांढऱ्यासारखी ती गढूळ व्हायची, साकळायची. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी मेणबत्तीवर जे कळत होतं, ते 1996 साली इंदुरात छापील रिपोर्टवर आलं आणि आम्हाला कळलं नाही. यात दोष विज्ञानाचा नाही.

आता माझंच सांगते. 2018 साली मी बावन्न वर्षांची झाले. नानांचं बीपी निघालं तेच वय. माझंही निघालं, 148/94. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजलं, तरी 140 च्या मागेपुढेच. डॉक्टरांनी गोळी लिहिली, क्रिएटिनीन लिहिलं. मी म्हटलं, "डॉक्टर, वडिलांना किडनीचा आजार होता. लघवीचं एसीआर पण लिहाल का?" ते म्हणाले, "हो, करूच." एवढंच. कुणी रागावलं नाही, कुणी हसलं नाही.

क्रिएटिनीन 0.8 आलं, अगदी नॉर्मल. एसीआर आलं 86.

तेवढं 0.8 घेऊन मी घरी आले असते तर पेढे वाटले असते. ताप असेल, लघवीला जंतुसंसर्ग असेल, पाळी चालू असेल किंवा आदल्या दिवशी फार व्यायाम झाला असेल तरी हा आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून तीन महिन्यांत दोनदा परत केली. 86 नंतर 74, मग 91. म्हणजे गळती खरी होती. मग डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलच्या जातीच्या गोळ्या बीपी तर उतरवतातच, शिवाय गाळणीवरचा आतला दाबही कमी करतात, असं त्यांनी समजावलं. बीपी 130/80 च्या खाली ठेवायचं ठरलं. वर्षभरात एसीआर 28 वर आलं. आज आठेक वर्षं होत आली, मी तीसच्या आसपास आहे आणि पुरणपोळी पानात टाकून उठत नाही.

नानांत आणि माझ्यात फरक कशाचा? रक्त तेच, घर तेच, शहर तेच. फरक फक्त एका कागदाचा, आणि तो वाचला गेला याचा.

म्हणून माझं मत असं, की ज्या घरात एकाला जरी बीपी किंवा शुगर आहे, किंवा कुणी किडनीच्या आजारानं गेलं आहे, त्या घरातल्या मोठ्या माणसांनी वर्षातून एकदा तीन आकडे काढलेच पाहिजेत. घरी नीट मोजलेलं बीपी, क्रिएटिनीनवरून ईजीएफआर, आणि लघवीतलं एसीआर. आणि ते घराच्या वहीत लिहून ठेवले पाहिजेत. "बीपी आहे, गोळी चालू आहे" एवढं म्हणणं म्हणजे छप्पर गळतंय की नाही हे न बघता आभाळ मोजत बसणं.

यावर मला जी उत्तरं मिळतात, ती सगळी पाठ आहेत.

पहिलं, "गोळी एकदा लागली की जन्माची." बहुतेकांना हे खरं आहे. पण चष्माही जन्माचाच असतो, तो लावायला कुणी भांडत नाही. गोळी घेतल्यावर बीपी खाली आलं म्हणजे बीपी बरं झालं असं नाही, गोळी काम करते आहे. छत्रीखाली भिजलो नाही म्हणून कुणी भर पावसात छत्री मिटत नाही. वजन, मीठ, चालणं यांनी काहींचा डोस कमी होतो, पण तो डॉक्टरांनी करायचा.

दुसरं, आणि हे फार ऐकू येतं, "या गोळ्यांनीच किडनी जाते." ह्यात एक धागा खरा आहे, म्हणून हा समज मरत नाही. ज्या जातीच्या गोळ्या मी घेते, त्या सुरू केल्यावर क्रिएटिनीन थोडं वर जाऊ शकतं, पोटॅशियमही वाढू शकतं. म्हणूनच एक-दोन आठवड्यांनी रक्त परत तपासायला सांगतात. थोडी वाढ अपेक्षित असते आणि बहुतेकांत ती तिथेच थांबते. जास्त वाढली तर डॉक्टर गोळी बदलतात. उलट्या-जुलाब झाले, अंगातलं पाणी गेलं, तर अशी गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे लगेच विचारायचं. मूल होऊ द्यायचा विचार असलेल्या मुलींना या गोळ्या चालत नाहीत, त्यांनी आधीच सांगायचं. एवढी काळजी घेतली की या गोळ्या किडनी घालवत नाहीत, वाचवतात.

किडनीला खरा धोका कशाचा आहे ते आपल्या फळीवर आहे. गुडघे दुखले की डायक्लोफिनॅक, कंबर धरली की आयब्युप्रोफेन, न विचारता, महिनोन्‌महिने. काका गोळीच्या नावानं बोटं मोडतात आणि गुडघ्यांसाठी मेडिकलमधून "ती लाल पट्टी" स्वतःच आणून खातात. शिवाय कुणीतरी गावाहून आणलेली पुडीतली भस्मं. त्यात काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं, आणि अशा काही औषधांत शिसं-पाऱ्यासारखे जड धातू सापडलेले आहेत.

तिसरं, "गरज असती तर डॉक्टर बोलले नसते का?" मंडळी, ओपीडीत बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात. आपल्या मागचा माणूस दारातून डोकावत असतो. डॉक्टरही माणूसच आहे. विचारण्यात अपमान कुणाचाच नाही. लग्नात हॉलवाल्याला पंधरा प्रश्न विचारणारे आपण, डॉक्टरांसमोर एकदम मुके होतो.

चौथं, "हे सगळं लॅबवाल्यांचं दुकान आहे." अर्धं मान्य. ते ऐंशी तपासण्यांचं पॅकेज, सोबत टिफिन बॅग फ्री, ते मीही घेत नाही. मी दोन तपासण्या सांगते आहे. दोन्ही मिळून खर्च चौघांनी एकदा हॉटेलात जेवायला गेलो तर होतो, त्याहून कमी. आणि डायलिसिसचा खर्च आम्ही केलेला आहे. आता जिल्हा रुग्णालयांमधून प्रधानमंत्री डायलिसिस योजना आहे, 2016 पासून, गरिबांना तिथे फुकट होतं, चांगलंच आहे. पण आठवड्याचे तीन दिवस आणि घरातल्या दुसऱ्या माणसाची नोकरी, ती कुठली योजना भरून देणार?

पाचवं उत्तर कुणी तोंडानं देत नाही, पण खरं तेच आहे. लाज. लघवी हा शब्द आपण चारचौघांत काढत नाही. लॅबच्या काउंटरवर हिंदीत विचारतात, "पेशाब की जाँच है?" तर आपण इकडेतिकडे बघतो. नानांनी कित्येक वर्षं आईलाही सांगितलं नव्हतं की रात्री उठावं लागतं. आपली मराठी घरं फार सभ्य आहेत हो. पण या सभ्यतेची किंमत आमच्या आईनं मोजली.

मिठाबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय इंदूरकराची सुटका नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक सपाट चमचाही नाही. सगळं धरून. आपल्याकडे सकाळी पोह्यांवर शेव, दुपारी जेवणात लोणचं-पापड, चारला चहासोबत नमकीन, रात्री सराफ्यात चक्कर. जिरावणात काळं मीठ, शेवेत मीठ, लोणचं तर मिठातच मुरलेलं. मी पोहे सोडलेले नाहीत, उगाच खोटं कशाला बोलू. पण शेव चिमूटभर, जिरावण नाही, वरून लिंबू जास्त आणि कांदा भरपूर. महिनाभर बेचव लागतं, मग जिभेला सवय होते. एक धोक्याची सूचना मात्र. बाजारात "कमी सोडियम"चं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल किंवा माझ्यासारखी गोळी चालू असेल, तर ते विचारल्याशिवाय वापरू नका.

बीपी घरी मोजणार असाल तर नीट मोजा. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, धावपळ नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं आणि मधे बोलायचं नाही. आमच्या घरात हेच सगळ्यात अवघड आहे. घरी असं मोजून आठवडाभराची सरासरी 135/85 किंवा जास्त येत असेल तर डॉक्टरांकडे जा. आणि एखाद्या वेळी 180/120 च्या पुढे गेलं आणि छातीत दुखतंय, धाप लागते आहे, बोलणं अडखळतंय असं असेल, तर पोस्ट वाचत बसू नका, दवाखान्यात जा.

आता शेवटचं. नानांची ती वंशावळ माझ्याकडे आहे. चार हात लांब कागद. मध्यंतरी मी ती उलगडून बसले आणि आईला एकेका नावावर बोट ठेवून विचारलं, हे कशानं गेले? आजोबा, "अंगाला सूज येऊन." आजोबांचे थोरले भाऊ, "एकाएकी, बसल्या जागी." एक आत्या, "अर्धांग झालं होतं." नावं, सनावळ्या, कुणाला कुठलं इनाम, सगळं आहे, पण हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्या सगळ्यांना काय झालं होतं हे आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण "अंगाला सूज येऊन" हे नानांना बावन्नाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं, तर कदाचित ती दोन अधिक चिन्हं कुणाच्या तरी डोळ्यांत भरली असती.

आपण गावापासून दूर येऊन पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलो, कुलाचार टिकवले, भाषा टिकवली, कागद जपले. मग हेही जपू या. मी एक वही केली आहे. नाव, वर्ष, आणि पुढे तीन रकाने. पहिलं पान माझं. दुसरं नानांचं, त्यात 1988 चं 160/100 आहे आणि 1996 ची दोन अधिक चिन्हं आहेत. ती मी लाल शाईनं लिहिली आहेत.

तिसरं पान भावाचं, कोरं आहे. महालक्ष्म्या होऊन पाच आठवडे झाले. लॅबची डबी त्याच्या घरी फ्रिजवर ठेवलेली आहे, भावजय रोज आठवण करते, तो रोज "उद्या" म्हणतो. माझ्या पोस्ट तो सगळ्या वाचतो, लाइक कधी करत नाही. ही पण वाचेल.

बाळ, उद्या सकाळी ती डबी घेऊन जा. मीच येते स्कूटरवर तुला न्यायला, साडेसातला. नानांच्या वेळी आपण दिवस वाटून घेतले होते, आठवतंय ना? परत वाटून घ्यायचे नाहीत मला.